कोरडा पुठ्ठा

१

पक्कडच्या गॅरेजात एक पुठ्ठा होता आणि त्या पुठ्ठ्यापुढे कुणाचं काही चालत नसे. काम झालं, बोल्ट आवळून झाले, गिऱ्हाईक किल्लीसाठी हात पुढे करून उभं राहिलं, तरी पक्कड शांतपणे गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि म्हणायचा, "उद्या या. पुठ्ठा काय म्हणतो ते बघू." सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर काम झालं. एक जरी डाग दिसला तरी गाडी पुन्हा खोलायची, मग गिऱ्हाईक आकांडतांडव करो की हातापाया पडो.

पक्कड हे नाव त्याला गल्लीने ठेवलं होतं. एकदा धरलं की सोडायचं माहीत नाही, म्हणून. गंजलेला बोल्ट असो नाहीतर वाद, दोन्हीकडे तीच तऱ्हा. त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझे वडील या लग्नाला नाहीच म्हणत होते. शेवटी कंटाळून हो म्हणाले."

या खेपेची गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, घरची होती. एकुलत्या एका लेकीला नोकरी लागली होती. चार तासांच्या वाटेवरचं मोठं शहर, आणि काम काय, तर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. हे ऐकून घरात हसून हसून मुरकुंडी वळली होती. कारण लेकीला लहानपणापासून सगळे चिमणीच म्हणत. उठल्यापासून झोपेपर्यंत तिची चिवचिव चालू.

"ऐकायचा पगार देणार आहेत म्हणे हिला," बायको म्हणाली. "बोलायचा दिला असता तर बंगला झाला असता. हिला बोलायला लावा, चार तास श्वास घेणार नाही."

पण काम सुटायची वेळ धड नव्हती आणि ऑफिसपासून राहायच्या जागेपर्यंतचा रस्ता सुनसान होता. तेव्हा पक्कडने ठरवूनच टाकलं, पोर जाईल ती स्वतःच्या गाडीने जाईल. जुन्या गाड्यांच्या दलालाकडची एक राखाडी गाडी त्याने स्वतः पारखून घेतली. इंजिन ठणठणीत होतं. फक्त पाण्याचा पंप कुरकुरत होता. पंप बदलणं म्हणजे पक्कडच्या डाव्या हातचा मळ.

जुना पंप काढून त्याने उलटा केला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. प्रत्येक पंपाच्या पोटाखाली काडी जाईल एवढं एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगात न घुसता त्या भोकातून बाहेर टपकतं आणि मालकाला कळतं, बाबा रे, पंप गेला. जाणता माणूस त्या भोकाला कधी हात लावत नाही. या पंपाचं भोक कुणीतरी बुजवलं होतं. वर भेगा बुजवायची लांबी, लांबीच्या आत पिळून भरलेली चिंधी, आणि चिंधीच्या आत ठोकून बसवलेली लाकडाची खुंटी. गळती दिसू नये म्हणून भोकाला साबण फासणारे महाभाग पक्कडने पाहिले होते. पण इतक्या निगुतीने हे गाढवपण केलेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

"गाढव ते गाढव, वर हौशी," तो म्हणाला आणि पंप भंगारात फेकला. नवा पंप बसवला, इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भरलं, खाली पुठ्ठा सरकवला आणि हात धुऊन जेवायला गेला.

२

सकाळी पुठ्ठा ओला होता.

एखादा डाग असता तर गोष्ट वेगळी. नवं सील जागेवर बसेपर्यंत चारदोन थेंब टाकतं, त्याचं कुणाला नवल नसतं. इथे पुठ्ठा भिजून मऊ झाला होता आणि त्याच्याभोवती ताटाएवढं थारोळं होतं.

पक्कडने त्यात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. गाडीत भरलेलं कूलंट हिरवंगार होतं. हे पाणी नितळ होतं. त्याला कसला वास नव्हता आणि ते फार थंड होतं.

"एसीचं असेल," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक दार आणि एक पायरी, एवढंच अंतर होतं. त्यामुळे पक्कडच्या कामात तिचं मत कायम हजर असायचं.

"एसी लावलाच नाही अजून."

"मग रेडिएटरचं."

"ते हिरवं असतं."

"मग माझं डोकं खाऊ नका," असं म्हणून ती आत गेली. डोकं कोण कुणाचं खातंय, हे विचारण्याची पक्कडला सवड नव्हती. त्याने बॉनेट उघडून कूलंटची बाटली पाहिली होती. कूलंटची पातळी खुणेवर होती. काल होती तिथेच, तसूभरही खाली गेलेली नव्हती.

तो गाडीखाली शिरला. पंपाच्या जोडावर बोट फिरवलं, ते कोरडं आलं. नळ्याही कोरड्या होत्या. पंपाच्या पोटाखालचं भोक चाचपलं तेव्हा बोटावर एक गार थेंब आला. तो पुसला तर दुसरा आला.

इंजिन बंद होतं, थंड होतं, आत दाब नव्हता. अशा वेळी सीलमधून पाणी येऊ शकतं, फार तर झिरपू शकतं. पण गेलं तेवढं बाटलीत कमी व्हायला हवं. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही कळतो. पक्कडने स्वतःशी म्हटलं, रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल, पातळी फसवत असेल. त्याला कारण सापडलं आणि बरं वाटलं. कारण असलं की पक्कडला कशाचीच भीती वाटत नसे.

३

त्याने पंप पुन्हा काढला. जोडाचा पृष्ठभाग पात्याने खरवडून आरशासारखा केला, नवं गॅस्केट घातलं, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. सकाळी पुठ्ठा ओला. मग दुकानात जाऊन तो पंपच बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "तुझ्या हातचा पंप गळतो? सूर्य कुठून उगवला आज?" पक्कड हसला नाही. दुसरा पंप बसवला. पुठ्ठा ओला.

तेव्हा त्याने भोकाखाली रंगाचा रिकामा डबा ठेवला. संध्याकाळपर्यंत डबा काठोकाठ भरला. त्याने तो गटारात ओतला आणि पुन्हा ठेवला, तो पुन्हा भरला. इंजिनात मावतं त्याहून जास्त पाणी त्याने स्वतःच्या हाताने ओतून टाकलं होतं आणि बाटलीतलं हिरवं कूलंट खुणेवर जसंच्या तसं होतं.

त्याने गाडी चालू केली, काटा वर चढेपर्यंत तापवली आणि पुन्हा खाली शिरला. पंप हात लावू देत नव्हता इतका तापला होता. भोकातून येणारा थेंब मात्र हाताला कळ लागेल इतका गार होता.

रविवारी चिमणीला निघायचं होतं. बॅगा भरून झाल्या होत्या. जेवताना तिने विचारलं, "बाबा, होईल ना हो? नाहीतर मी बसने जाते. आकाश कोसळणार नाही."

"गाडीनेच जायचं," पक्कड म्हणाला. "माझी लेक अंधारात स्टॉपवर उभी राहणार नाही. दोन बोटांएवढ्या भोकापुढे मी हार मानली, तर गॅरेजला कुलूप लावलेलं बरं."

"काडीएवढं भोक म्हणालात परवा," बायको म्हणाली. "दोन दिवसांत मोठं झालं वाटतं."

४

शुक्रवारी दुपारी तो चाकांच्या फळीवर उताणा पडून गाडीखाली होता. टप, टप, टप. डब्यात थेंब पडत होते. वरून चिमणीचा आवाज आला.

"बाबा, चहा ठेवलाय इथे. आणि ऐका ना, माझ्या मैत्रिणीने काय केलं माहितीये..."

मैत्रिणीने काय केलं ते पक्कडला कळलं नाही. त्याला फक्त एवढंच कळलं, की डब्यातला आवाज थांबला. त्याने मान वळवून पाहिलं. भोकाच्या तोंडाशी थेंब लोंबत होता, भरलेला, जड. पडत नव्हता. चिमणी मैत्रिणीच्या बहिणीच्या साखरपुड्यापर्यंत पोचली, हसली आणि आत निघून गेली. तिची पावलं पायरी चढली तसा थेंब पडला. मग दुसरा, मग पूर्वीसारखेच.

योगायोग, तो म्हणाला. आणि योगायोग आहे हे सिद्ध करायला उठून बसला. त्याने रेडिओ मोठ्याने लावला. थेंब पडत राहिले. स्वतः गाडीखाली पडून वेड्यासारखा बडबडला, थेंब पडत राहिले. बायकोला हाक मारली. ती येऊन त्याच्या चहाच्या, धुळीच्या आणि स्वभावाच्या नावाने यथेच्छ बोलून गेली. थेंबांवर काही परिणाम झाला नाही.

"चिमणे," त्याने हाक मारली, "जरा पेपर वाचून दाखव. हात खराब आहेत माझे."

"पेपर? तुम्हाला? काय वाचू?"

"काहीही. जाहिराती वाच."

ती पायरीवर बसली आणि जाहिराती वाचू लागली. जुना फ्रिज विकणे आहे, एकट्या माणसासाठी खोली भाड्याने देणे आहे. थेंब थांबला. पक्कडने बॅटरीचा झोत त्याच्यावर धरला. ती श्वास घ्यायला थांबली की थेंब थरथरायचा, खाली ओढला जायचा. ती पुढे वाचू लागली की पुन्हा स्थिर. दाराला कान लावून उभा राहिलेला माणूस जसा श्वास धरतो, तसं काहीतरी त्याच्या मनात आलं. ते त्याने चटकन झटकून टाकलं. 

"बस झालं," तो म्हणाला. "जा आत."

"बाबा, तुमचा आवाज असा काय?"

"जा म्हटलं ना आत!"

तो तिच्यावर कधी ओरडत नसे. ती गेली. टप, डब्यात थेंब पडला.

५

त्या संध्याकाळी त्याने थारोळ्याकडे नीट पाहिलं. डबा भरून सांडला होता. गॅरेजची फरशी रस्त्याच्या बाजूला उतरती होती. ती पक्कडनेच तशी घालून घेतली होती, गाड्या धुतलेलं पाणी आपोआप गटारात जावं म्हणून. हे पाणी रस्त्याकडे गेलं नव्हतं. त्याचा हातभर रुंद ओघळ घराकडे गेला होता, पायरीपर्यंत.

फरशी बसली असेल, उतार फिरला असेल, असं म्हणत त्याने खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढला आणि पायरीपाशी जमिनीवर ठेवला. छर्रा गडगडत रस्त्याकडे गेला आणि शटरला जाऊन आपटला. त्याच्या शेजारून पाणी उलट दिशेला, चढ चढून, वर येत होतं. पायरीशी चिमणीच्या चपला होत्या. पाणी त्यांच्याभोवती गोल उभं होतं आणि चपला कोरड्या होत्या.

पक्कड किती वेळ तसाच उकिडवा बसला होता कोण जाणे. घाबरला होता, यात वाद नाही. पण घाबरलेला पक्कडसुद्धा पक्कडच. त्याने चपला उचलून आत नेऊन ठेवल्या, पोतं आणून फरशी पुसली आणि आयुष्यभर ज्यासाठी इतरांना गाढव म्हणत आला होता तेच काम करायला घेतलं.

त्याने ते भोक बुजवलं. आधी सीलंट आत दाबलं, मग बोटाने चेपून सपाट केलं, वर लांबीचा थर दिला. हात काम करत होते आणि मन एकच गोष्ट बोलत होतं. जुन्या पंपावर ज्याने खुंटी ठोकली होती तो गाढव नव्हता. त्याच्याही घरात बहुधा कुणीतरी बोलकं होतं.

६

शनिवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता.

बायकोने गोड शिरा केला. चिमणीने गाडीच्या टपावर थाप मारून "शाब्बास गं बाई" म्हटलं. पक्कडने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. आवाज नव्हता, थारोळं नव्हतं, गॅरेज पूर्वीसारखं गॅरेज झालं होतं. त्याला हसावंसं वाटलं. चार दिवस जागरण झालं की माणसाला काय काय दिसतं!

"मी एक चक्कर मारून आणतो," तो म्हणाला.

"मी येते ना!" चिमणी दार उघडू लागली.

"आधी मी एकटा."

शहराबाहेरच्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. काटा मधोमध होता. पक्कड शीळ घालत होता. वळणावर त्याने डावीकडे पाहिलं आणि शीळ तोंडातच राहिली. शेजारच्या सीटपुढची चटई ओली होती.

हिटर, त्याने लगेच म्हटलं. डॅशबोर्डमागे हिटरचा छोटा रेडिएटर असतो, इंजिनाचं पाणी त्यातूनही फिरतं. पंपातून वाट मिळाली नाही तर ते तिथून आत येणार. साधी गोष्ट आहे. गाडी कडेला घेऊन त्याने वाकून पाहिलं, ओल कुठून उतरली ते बघायला. कुठूनच उतरली नव्हती. वरचं सगळं कोरडं होतं. चटईवर फक्त दोन डाग होते, लांबट, जवळजवळ. टाचेकडे निमुळते आणि पुढे पसरट, पुढे पाच लहान ठिपके. दोन्ही त्याच्याकडे वळलेले होते. ज्या सीटवर उद्या चिमणी बसणार होती त्या सीटकडे तोंड करून.

तो खाली उतरला नाही. उतरला असता तर पुन्हा बसला नसता. त्याने चारही काचा खाली केल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि डावीकडे न बघता गाडी घरी आणली. आल्या आल्या तो खाली शिरला आणि टोच्याने भोकातलं बूच उपसून काढलं. पाणी धो धो आलं, त्याच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. तो पुन्हा बाहेर आला, उजेडात उभा राहिला आणि हातातल्या बुचाकडे पाहिलं.

बाहेरच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या अंगठ्याचा ठसा होता, जाडाभरडा, मधे जुन्या जखमेची चीर. आतली बाजू खिळ्याच्या डोक्यासारखी चपटी झाली होती. तिच्यावरही ठसा होता. बारीक, नीट, एकमेकींत फिरणाऱ्या रेषांचा, नाजूक बोटाचा. आतून दाबलेला.

७

"बसने जा," त्याने चिमणीला सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला नाही जमलं?"

पक्कडबद्दल हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. बायकोनेही हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नाही जमलं," तो म्हणाला.

रविवारी तो तिला बसमध्ये बसवून आला. तिने खिडकीतून हात हलवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. घरी येऊन आधी गॅरेजचं शटर उघडलं. टप, टप, टप. त्याने भिंतीला टेकून सुटकेचा श्वास सोडला. ते इथेच होतं. ते इथे होतं म्हणजे तिच्याबरोबर नव्हतं.

दलाल गाडी परत घ्यायला तयार होता. पक्कडने नाही सांगितलं. परत दिली की तो दुसऱ्या कुणाला विकणार, त्याच्याही घरी लेक असेल. "राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर." त्याने डब्याच्या जागी बादली ठेवली, रोज सकाळी ती गटारात ओतू लागला आणि भोक मोकळं आहे ना ते काडी घालून बघू लागला. चिमणीशी बोलायचं झालं तर तो गल्लीच्या टोकाला जायचा.

"घरात बोलायला काय होतं?" बायको विचारायची.

"रेंज नाही," तो सांगायचा. आयुष्यभर गळती थांबवणारा हा माणूस आता गळतीचा आवाज ऐकल्याशिवाय जेवत नव्हता.

आणि मग एका दुपारी तो दुसऱ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून उभा असताना बायको फोन घेऊन थेट गॅरेजात आली. फोन स्पीकरवर होता. "घ्या, तुमची चिमणी. हात खराब आहेत ना, मी धरते."

"बाबा! जागा बदलली मी! मस्त खोली मिळालीय, पत्ता ऐका. स्टेशनच्या मागची गल्ली, पिवळी इमारत, दुसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार. कडी जरा सैल आहे, ढकललं की उघडतं, पण शेजार चांगला आहे..."

किती दिवसांनी तो आवाज त्या भिंतींमध्ये घुमला होता. पक्कड इतका सुखावला की दोन वाक्यं नुसता हसत ऐकत राहिला. तिसऱ्या वाक्याला त्याच्या लक्षात आलं, की गॅरेजात दुसरा कुठलाही आवाज नाही.

त्याने झेप घेऊन फोन बंद केला. बायको ओरडली, फोन ग्रीसने काळा झाला म्हणून. तो राखाडी गाडीपाशी गुडघ्यांवर बसला होता. भोकाशी थेंब लोंबत होता, जड, भरलेला. पक्कड वाट बघत राहिला. आता पड, तो म्हणत होता. पड की. थेंब हळूच आत ओढला गेला.

८

सकाळी त्याने बादलीच्या जागी पुठ्ठा सरकवला आणि गाडीशेजारी स्टूल टाकून बसला. संध्याकाळी पुठ्ठा काढून पाहिला. खडखडीत कोरडा.

"बघा, झाली की आपोआप बरी!" बायको म्हणाली. "उगाच पोरीला बसने पाठवली."

तो शटरपाशी गेला. शटरखालून ओलीची एक रेघ बाहेर गेली होती. गल्ली चढणीची होती. रेघ चढ चढून वळणापर्यंत गेली होती आणि तिथे उन्हात सुकली होती.

दिवसभर तो चिमणीला फोन लावत होता, पण कामावर असताना तिला फोन जवळ ठेवू देत नसत. दिवेलागणीला तिने उचलला.

"आत्ताच आले बाबा. आज एका आजोबांनी मला तासभर धारेवर धरलं, त्यांचा टीव्ही..."

"चिमणे, खोलीत सगळं ठीक आहे ना?"

"छान आहे हो. एकच कटकट आहे. बेसिनचा नळ गळतोय कालपासून. प्लंबर येऊन वायसर बदलून गेला, तरी आहेच. तुमच्यासारखाच झालाय त्याचा चेहरा. आणि पाणी इतकं गार, बोट बधिर होतं. पण गंमत सांगू? मी बोलायला लागले ना, की थांबतो! आत्तासुद्धा बघा, एकदम..."

"खोलीतून बाहेर पड."

"आता? अहो, दारापाशीच सगळं पाणी साचलंय. उतार मोरीकडे आहे, तरी हे दाराकडेच आलंय. ते ओलांडून..."

"त्यात पाय टाकू नकोस!" पक्कड इतक्या जोरात म्हणाला, की आतून बायको धावत आली. "पलंगावर बस. पाय वर घे. आणि बोलत राहा."

"बाबा, काय झालं?"

"मी येतोय. मी येईपर्यंत बोलत राहायचं. थांबायचं नाही."

एका हाताने तो हत्यारांची पिशवी भरत होता. पाने, पक्कड, टोच्या, सीलंट, लांबी. कशाचा उपयोग होईल हे त्याला माहीत नव्हतं. पण रिकाम्या हाताने जायचं त्याला ठाऊक नव्हतं. राखाडी गाडीने किल्लीच्या पहिल्याच फेऱ्यात सूर धरला. ती आता अगदी नीट झाली होती.

"चार तास? मी काय बोलू चार तास?" चिमणीचा आवाज बारीक झाला होता.

"काहीही. शाळेतलं सांग. बाईंची नक्कल कर. लहानपणी रुसून गाडीच्या डिकीत लपली होतीस, ते सांग."

तिने सुरुवात केली. पक्कडने फोन समोर उभा केला, गाडी गल्लीबाहेर काढली आणि मोठ्या रस्त्याला लावून पाय खाली दाबला. चिमणी डिकीबद्दल सांगत होती, आईने कसं सगळ्या गल्लीत शोधलं, बाबा कसे रडले. तिचा आवाज कापत होता, पण ती बोलत होती. शेवटी त्याचीच लेक. तिनेही आता धरलं होतं, सोडणार नव्हती.

शहराचे दिवे मागे पडले. चिमणी क्षणभर थांबली, श्वास घ्यायला.

फोनमधून स्पष्ट ऐकू आलं, टप. आणि लगेच दुसरा, आधीपेक्षा जवळून.

"बोल, चिमणे," पक्कड म्हणाला. "मी ऐकतोय. बोल."